पहिलटकरणीच्या उशाशी

केसपेपरवर वय १९ लिहिलेलं असतं. आधार कार्डावर १९, गरोदरपणाच्या कार्डावर १९, आणि मुलीला विचारलं तर ती आधी सासूकडे बघते आणि मग १९च सांगते. मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वर्षानुवर्षं लेबर रूम सांभाळलेल्या एक सिस्टर त्यावर वाद घालत नाहीत. बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता त्या सहज विचारतात, "शाळा कितवीत सुटली गं?" नववीत. "कधी?" मागल्या दिवाळीनंतर. त्यांना तेवढं पुरतं. "पोलिसासारखं विचारायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "पण टेबलावर बाई आहे का पोर आहे, एवढं तर मला कळायला पाहिजे. पोर असली की तिला एकटं सोडून चालत नाही."

त्या सिस्टरांचं, रुग्णालयाचं, मुलीचं नाव इथे येणार नाही. १८ वर्षांखालच्या मुलीची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती बंदी नसती तरी मी नाव लिहिलं नसतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपल्या आयुष्याबद्दलचा एकही निर्णय जिला घेता आला नाही, तिची गोष्ट गावभर करण्याचा निर्णय तरी दुसऱ्या कुणी घेऊ नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये ४४च्या घरात. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के जणी पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा यांच्या शेजारी ठेवून वाचायला हवा: राज्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होतात. याचा अर्थ, लग्न थांबलं नाही, शाळा सुटली, गरोदरपण लादलं गेलं, तरी शेवटच्या रात्री ही मुलगी बहुतेक वेळा आपल्या आरोग्य यंत्रणेच्या हातात येते. बालविवाह कसा थांबवायचा यावर पुष्कळ लिहिलं जातं आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे. मला मात्र त्या रात्रीबद्दल लिहायचं आहे. तिचं जे व्हायला नको होतं ते होऊन गेलेलं आहे, कळा सुरू आहेत आणि पुढचे बारा-पंधरा तास तिच्याजवळ कोण असणार, हा प्रश्न आहे.

पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत किती तास जातील याचा काही नेम नाही. त्यापुढचा, कळांना खरा जोर येण्याचा काळ पहिलटकरणीला साधारण बारा तासांपर्यंत चालू शकतो, आणि बाळ बाहेर ढकलायलाच तीन तासांपर्यंत लागू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं आहे. आजूबाजूच्या बायकांची बाळंतपणं जिनं पाहिली-ऐकली आहेत, तिला निदान एवढं ठाऊक असतं की कळ येते आणि ओसरते, आणि शेवटी हे संपतं. सोळा वर्षांच्या मुलीला ते कुणी सांगितलेलंच नसतं. मोठ्या बायका असल्या गोष्टी पोरींसमोर बोलत नाहीत. मग लग्न झालं की ती एका दिवसात बाई धरली जाते, आणि बाईला सगळं माहीत असणार असं गृहीत धरलं जातं. एका आशाताईंना आठव्या महिन्यातल्या मुलीनं विचारलं होतं, "ताई, बाळ बेंबीतून येतं का?" आशाताईंनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. त्या तिच्याजवळ बसल्या, वहीच्या मागच्या पानावर पेनानं चित्र काढलं आणि तिला सगळं समजावलं. "आदल्या महिन्यात सांगितलं म्हणून बरं," त्या म्हणाल्या. "टेबलावर कळलं असतं तर पोरगी पळाली असती."

ज्या मुलीबद्दल सिस्टर बोलत होत्या तिच्या कळा संध्याकाळी सुरू झाल्या होत्या. आई जवळ नव्हती. आई-वडील पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर ऊसतोडीला होते. सासू सोबत आली होती आणि बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. आत दोन टेबलं, मधे पडदा नाही, शेजारच्या टेबलावर एक बाई मोठ्यानं ओरडत होती. त्या ओरडण्यानंच ही मुलगी निम्मी गळाली. सिस्टरांनी दोन गोष्टी केल्या. एक हिरवी चादर सलाईनच्या स्टँडांना बांधून मधे आडोसा केला, आणि मुलीला घेऊन आलेल्या आशाताईंना सांगितलं, "तू आत बस. जायचं नाही."

पुढच्या तासांत आशाताईंनी जे केलं त्याला कुठलं यंत्र लागत नाही. कळ यायला लागली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर तळव्याच्या टाचेनं दाबून धरायचं. "आली... चढतेय... चढली, आता उतरणार... उतरली बघ," असं कळ संपेपर्यंत बोलत राहायचं. कळ ओसरली की घोटभर पाणी, मधूनच साखरेचा चहा, ओल्या फडक्यानं तोंड पुसणं. तिला टेबलावर पाडून न ठेवता कॉरिडॉरमधून चालवणं, खिडकीचा गज धरून उभं राहू देणं. दर दोन तासांनी लघवीला नेणं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की बाळाचं डोकं खाली सरकायला अडतं, आणि घाबरलेली मुलगी लघवी लागली असं स्वतःहून सांगत नाही. आतून तपासायच्या वेळी सिस्टर कळ जायची वाट पाहत. "आता हात लावते हं. दुखलं तर सांग, मी थांबते," असं आधी सांगत, आणि आशाताई मुलीचा चेहरा आपल्याकडे वळवून घेत.

या तपासणीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. मोठ्या वयाच्या बाईलाही ती नकोशी असते. पण जिच्या शरीराला लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून कुणी विचारून हात लावलेला नाही, तिला तो हात आणि हा हात यांतला फरक शब्दांनीच कळू शकतो. ती मांड्या घट्ट मिटून घेते, टेबलावर वर वर सरकते, सिस्टरांचा हात ढकलते. लेबर रूमच्या भाषेत याला 'को-ऑपरेट करत नाही' म्हणतात. ती भीतीनं आखडलेली असते, हे ओळखणाऱ्या सिस्टर दोन मिनिटं थांबतात. न ओळखणाऱ्या मांडीवर चापट मारतात.

ती चापट आणि तिच्याबरोबरची वाक्यं आपल्याकडच्या बायकांना नवीन नाहीत. नवऱ्याजवळ जाताना नाही का ओरडलीस, असं कळांत तळमळणाऱ्या बाईला म्हटलं जातं. हे बोलणं कुणालाही क्रूरच आहे. जिच्या बाबतीत त्या 'जवळ जाण्याला' कायदा बलात्कार म्हणतो, त्या मुलीला ते ऐकवणं म्हणजे काय, याचा विचार बोलणाऱ्याच्या मनात येत नसावा. रात्रपाळीला एकटी सिस्टर असते. दोन टेबलं, नवजात बाळांचा कोपरा, रजिस्टरं, वरून फोन. तिच्यावर हे ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. पण थकव्यामुळे आवाज चढणं आणि अपमान करणं यांत फरक आहे, आणि तो फरक चांगल्या सिस्टरच सगळ्यांत आधी सांगतात.

घाबरल्यानं बाळंतपण लांबतं, हे जुन्या सुइणींना ठाऊक होतं. त्यामागची शरीराची रीत अशी: कळा आणणारं ऑक्सिटोसिन शांत, सुरक्षित वाटणाऱ्या जागी नीट पाझरतं, आणि भीतीनं उसळणारं ॲड्रेनलिन त्याच्या आड येतं. कळा विस्कटतात, स्नायू आखडतात, दुखणं वाढतं, त्यानं भीती आणखी वाढते. मग 'प्रोग्रेस नाही' म्हणून सलाईनमधून कळांचं औषध सुरू होतं, त्या औषधाच्या कळा आणखी कडक असतात, आणि शेवटी मुलगी रेफर होते.

या साखळीत एका सोबतिणीनं काय फरक पडतो, याचा पहिला नेमका अभ्यास ग्वाटेमालात झाला आणि तो १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. सोसा, केनेल, क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयातल्या पहिलटकरणींचे दोन गट केले. त्या रुग्णालयात कुणालाही घरचं माणूस आत नेऊ देत नसत. एका गटाला नेहमीसारखं एकटं ठेवलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीजवळ एक बाई शेवटपर्यंत बसली. ती ओळखीची नव्हती, शिकलेली नर्सही नव्हती. पाठ चोळणं, हात धरणं, बोलत राहणं एवढंच तिचं काम. एकट्या बायकांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी १९ तास लागले, सोबत असलेल्यांना नऊच्याही आत. तो अभ्यास लहान होता, दोन्ही गटांत मिळून ४० बायका. पुढे जगभर प्रयोग झाले आणि इतका मोठा फरक सरसकट दिसला नाही. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या २६ प्रयोगांमधल्या १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र केली आहे. त्यात वेळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी झालेला दिसतो. पण सतत सोबत असलेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्यानं कमी, चिमटा-व्हॅक्यूमची गरज कमी, जन्मतः मलूल पडलेली बाळं कमी, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकाही कमी. या सोबतीचा कुठलाही अपाय आढळला नाही. एखाद्या गोळीनं हे केलं असतं तर ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात कधीच पोचली असती.

केंद्र सरकारनं हे मान्य केलं आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये आरोग्य मंत्रालयानं सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण आत राहू द्यावी असं सगळ्या राज्यांना कळवलं. अटी साध्या: ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं शेवटपर्यंत थांबावं आणि उपचारांत हात घालू नये. आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालेल. २०१७च्या शेवटी आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात लेबर रूमच्या दर्जाचे गुण मोजतात, आणि त्यात सन्मानानं वागवणं, आडोसा, सोबतीण हे सगळं आहे. मग अडतं कुठे? मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर एकच आलं: पडदा नाही, खुर्ची ठेवायला जागा नाही, शेजारच्या टेबलावर दुसऱ्याची बायको-मुलगी असते, आणि नातेवाईक आत आले की भांडणं होतात. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांतल्या पहिल्या तीन कारणांवर लोखंडी नळीवर सरकणारा पडदा आणि एक स्टूल हा उपाय आहे, आणि तो रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होऊ शकतो. चौथ्याचं काय करायचं हे त्या सिस्टरांनी ठरवलं होतं: माणूस एकच, आणि बाई निवडेल ते.

ते कोण असावं हे मुलीला विचारावं लागतं, हाही मुद्दा सुटतो. सासू आपोआप आत येते. काही सासवा जीव लावतात. एका सासूला मी सुनेच्या डोक्यावर हात ठेवून घळाघळा रडताना पाहिलं, कारण तिचंही पहिलं बाळंतपण पंधराव्या वर्षी झालं होतं आणि ते बाळ गेलं होतं. पण काहींच्या समोर मुलगी ओठ मिटून घेते, दुखतंय म्हणत नाही, पाणी मागत नाही. सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं की खरं उत्तर मिळतं. बहुतेक जणी आईचं नाव घेतात.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्यात डोहाळजेवण झालं की मुलगी आईकडे जाते आणि सव्वा महिन्याची होऊन परत येते. डिंक-अळीव, शेक-शेगडी, अंग चोळणारी बाई या सगळ्याच्या मुळाशी ही समज आहे की नवख्या मुलीनं या प्रसंगाला आईच्या घरात सामोरं जावं. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं, आणि जीव वाचवायला ते जायलाच हवं होतं. पण दवाखान्याच्या दारात आपण आईला बाहेर थांबवलं. माहेरच्या रीतीतलं जे सगळ्यांत मोलाचं होतं, नेमकं तेच गळून पडलं.

ऊसतोड कुटुंबांत तर माहेरच जागेवर नसतं. दिवाळी झाली की बीड, परभणी, जालना या भागांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, म्हणून एकट्या मुलाला जोडी लावून द्यायची घाई होते. मागे गावात वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची या भीतीनं तिचंही लग्न उरकतात. मग तीच मुलगी पुढच्या हंगामात गरोदरपणी कोपीत राहते, पहाटे फडात जाते, वाढ्याच्या मोळ्या डोक्यावर वाहते. तिथल्या आशाताईंच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव नसतं आणि गावच्या आशाताई तिच्यापासून दोनशे किलोमीटरवर असतात. कळा सुरू झाल्यावर ट्रॅक्टर किंवा १०८ तिला जिथे नेईल तिथे ती बाळंत होते, आणि तिथे कुणीच तिला ओळखत नसतं.

शरीराचं म्हणाल तर दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. 'कोवळं अंग, सोपं जाईल' असं घरचे म्हणतात. 'एवढीशी पोर, सिझरच करावं लागणार' असं काही डॉक्टर आधीच ठरवून टाकतात. कमरेची हाडं उंची थांबल्यावरही काही काळ रुंदावत राहतात, म्हणून अगदी लहान वयात, विशेषतः पंधराच्या आत, बाळ अडण्याचा धोका खरा आहे. पण सतरा-अठराच्या मुलीचं बाळंतपण नीट लक्ष आणि वेळ दिला तर बहुतेकदा सरळ होतं. निव्वळ वय हे सिझरचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वयाच्या आयांबद्दल सांगते ते धोके वेगळे आहेत: झटके येणं, बाळंतपणानंतर गर्भाशयाला आणि अंगभर जंतुसंसर्ग होणं, बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असणं. त्यात रक्त कमी. महाराष्ट्रात या वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे, म्हणजे बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्रावही त्यांना झेपत नाही. म्हणून तिच्या उशाशी बसणाऱ्या बाईला धोक्याच्या खुणा ठाऊक हव्यात. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, वरच्या पोटात दुखतंय, असं ती म्हणाली की ते 'नखरे' नसतात. ताबडतोब बीपी मोजायचं आणि मॅग्नेशियम सल्फेट हाताशी ठेवायचं. बाळ झाल्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, वार पूर्ण आली का ते पाहणं, पुढचे दोन तास पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे ना हे तपासत राहणं. सोबत आणि वैद्यकीय दक्षता या एकमेकींच्या जागी येत नाहीत. पण जवळ बसलेलं माणूसच पहिल्यांदा ओळखतं की ही आता वेगळंच काही बोलते आहे.

आता कायद्याकडे येते. हा विषय नाजूक आहे म्हणून टाळण्यात अर्थ नाही. ११ ऑक्टोबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं 'इंडिपेंडंट थॉट' खटल्यात निकाल दिला, की १५ ते १८ वयाच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टर-सिस्टरांवरही, आणि न कळवल्यास शिक्षा आहे. म्हणून केसपेपरवर १८च्या खालचं वय आलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव कळवण्यापासून डॉक्टरांना सूट दिली, पण तो निकाल गर्भपातापुरता आहे. परिणाम सगळ्यांना दिसतो. घरचे वय खोटं सांगतात, शेवटच्या घटकेला आणतात, किंवा कुणी विचारणार नाही अशा ठिकाणी नेतात. जी मुलगी वाचावी म्हणून कायदा आहे, तीच त्याला भिऊन दवाखान्यापासून लांब राहते.

म्हणून कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही. पंधराव्या वर्षी लग्न लावणाऱ्याला भीती असलीच पाहिजे. पण कायद्यातच जी कलमं मुलीच्या बाजूनं लिहिली आहेत ती कुणी वाचत नाही. कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. २०२०च्या नियमांत बालकल्याण समितीनं तिला एक आधार व्यक्ती नेमून द्यायची तरतूद आहे. टाके घातलेल्या, रात्रभर न झोपलेल्या मुलीच्या कॉटभोवती खाकी गणवेश उभे राहावेत असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. त्या सिस्टरांनी एमएलसी केली, ती लपवली नाही. मात्र पोलीस आले तेव्हा त्यांना ओपीडीत बसवून सांगितलं, "पोरगी जेवून झोपलीय. उठली की बोलवते. आणि तुमच्या पोलीस ताईंना साध्या कपड्यात येऊ द्या." ते थांबले. कुणी नीट सांगितलं तर पोलीसही थांबतात, हे तिथे दिसलं.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही, आणि आपल्याकडे त्याला दिलेली उत्तरंही आहेत. १८६३मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. बालपणी लग्न होऊन विधवा झालेल्या, कुणाच्या तरी जुलमानं गरोदर राहिलेल्या मुलींनी तिथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल नको असेल तर ठेवून जावं. तू इथवर कशी आलीस, असं तिथे विचारलं जात नव्हतं. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत फुले दाम्पत्यानं १८७४मध्ये दत्तक घेतला आणि पुढे तो डॉक्टर झाला.

आणि आनंदीबाई. त्यांच्याबद्दल आपण पहिली महिला डॉक्टर म्हणून अभिमानानं बोलतो. पण त्या आधी एक किशोरवयीन पहिलटकरीण होत्या. जन्म १८६५चा, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी मुलगा, आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. मार्च १८८६मध्ये पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या तेव्हा प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्या फेब्रुवारीत त्या गेल्या. बावीसही पूर्ण झाले नव्हते. चौदा वर्षांच्या बाळंतिणीला काय लागतं हे ज्या स्वतःच्या अनुभवानं जाणत होत्या आणि ते शास्त्रानं शिकूनही आल्या होत्या, अशा डॉक्टर आपल्याला मिळता मिळता राहिल्या.

बाळ झाल्यावर या मुलींचं वय पुन्हा विसरलं जातं. पहिल्या तासात बाळ छातीशी द्यायचं असतं. उघड्या अंगावर ठेवलं की ते उबदार राहतं, स्वतःहून चाचपडत दूध शोधतं आणि आईचं गर्भाशय आवळायला मदत होते. पण लहान आईच्या हातून बाळ पटकन काढून घेतात. 'तुला जमणार नाही, दे इकडे.' मग दूध येत नाही आणि दोषही तिलाच मिळतो. त्या रात्रीच्या मुलीला पहाटे मुलगी झाली, दोन किलो तीनशे ग्रॅम. आशाताईंनी बाळ तिच्या छातीवर ठेवलं, वरून दोघींना एकच चादर घातली, आणि सासू पुढे झाली तेव्हा म्हणाल्या, "तासभर कुणी घ्यायचं नाही. पाजू दे तिला." ते पिवळसर घट्ट चिकाचं दूध बाळाला मिळालं. मुलीनं पहिला प्रश्न विचारला तो बाळाबद्दल नव्हता. "मी लई ओरडले का?" आशाताई म्हणाल्या, "ओरडायचंच असतं."

पुढचं मूल कधी, हेही तिच्याशीच बोलायला हवं, आणि कळा चालू असताना सही घेऊन नाही. आठव्या महिन्यात, शांतपणे. तांबी बाळंतपणानंतर लगेच बसवता येते, छाया गोळ्या दूध पाजतानाही चालतात, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनी घेता येतं. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट आहे. वर्षाच्या आत दुसरं बाळंतपण अंगावर आलेल्या सतरा वर्षांच्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीलाही हे कुणी आधी विचारलेलं नव्हतं.

पैशाचंही एक विचित्र आहे. जननी सुरक्षा योजनेतली किमान वयाची अट २०१३मध्ये काढली, म्हणून दवाखान्यात बाळंत झालेल्या अल्पवयीन मुलीलाही ती मदत मिळू शकते. पहिल्या बाळासाठी पाच हजार देणाऱ्या मातृवंदना योजनेत मात्र १८ पूर्ण नसलेली आई बसत नाही. बालविवाहाला उत्तेजन नको, हा त्यामागचा विचार. पाच हजारांसाठी कुणी मुलीचं लग्न लावत नाही. पण त्या पाच हजारांअभावी बाळंतीण पंधराव्या दिवशी फडात जाते, हे दिसतं. मुलीच्या आईबापांना द्यायची शिक्षा इथे मुलीच्या आणि बाळाच्या ताटातून वजा होते.

दरवर्षी दिवाळीनंतर टोळ्या निघतात. गावोगावच्या आशाताईंच्या रजिस्टरमध्ये डिसेंबर ते मार्च तारीख असलेल्या मुलींची नावं त्याआधीच असतात. मुकादमाच्या वहीत कोणता कोयता कोणत्या कारखान्यावर जाणार हे लिहिलेलं असतं. या दोन वह्या शेजारी ठेवायला तालुका आरोग्य अधिकाऱ्याला एक दुपार लागेल. त्यातून कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला नाव आणि तारीख कळवता येईल, तिथल्या आशाताईंचा फोन नंबर मुलीच्या कार्डावर लिहिता येईल. पण मुलीला हवी असते आई, आणि आई दुसऱ्या फडात कोयता धरून असते. तिनं तीन दिवस सुट्टी घेतली तर खाडा पडतो आणि तो उचलीत जमा होतो. हंगामाच्या करारात, कारखान्याच्या खर्चात किंवा ऊसतोड कामगार महामंडळाच्या तरतुदीत, कुठे तरी एक ओळ घालावी लागेल: लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आई जाईल, आणि तिच्या खाड्याचे पैसे आम्ही भरू.